मिक्सरवरचा आळ

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोणची-मसाले बाजूला ठेवू या आणि विजेच्या बिलाकडे वळू या. निमित्त आहे मिरजेच्या एका भगिनींचं पत्र. चांगलं चार पानी पत्र आहे, आणि त्यातली साडेतीन पानं एका मिक्सरबद्दल आहेत!

हकिकत अशी. घरात सासू-सासरे, हे दोघं नवराबायको आणि दोन मुलं, अशी सहा माणसं. जुना ५०० वॉटचा मिक्सर कुरकुरायला लागला होता, म्हणून गेल्या भाऊबीजेला भावानं ओवाळणीत नवा मिक्सर घातला, ७५० वॉटचा. मिक्सर छान आहे, इडलीचं पीठ लोण्यासारखं वाटतो. पण डिसेंबरचं बिल आलं ते ऑक्टोबरच्या बिलापेक्षा चारेकशे रुपयांनी जास्त. सासऱ्यांनी खोक्यावरचं ‘७५०’ वाचलं, आणि सासूबाईंनी निकाल दिला, ‘‘माहेरचं कौतुक आम्हाला महागात पडतंय हो!’’ त्या दिवसापासून मिक्सर माळ्यावर गेला आहे आणि पाटा-वरवंटा खाली आला आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘‘खांदा दुखतो त्याचं एवढं काही नाही. पण भावानं हौसेनं दिलेल्या वस्तूला रोज बोल लागतो, ते सोसवत नाही. ७५० वॉट खरोखरच इतकी वीज खातात का, तेवढं सांगा.’’

सांगते. पण आधी मला सांगा, आपल्यापैकी किती जणी वीजबिल स्वतः वाचतात? किराण्याच्या यादीत जिऱ्याचे पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर आपल्या लक्षात येतं. बिल मात्र ‘ह्यांच्याकडे’ जातं, आणि बिल वाढलं की बोलणी आपल्याकडे येतात. म्हणून जरा नेटानं समजून घेऊ या. हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे.

उपकरणावर वॉट लिहिलेले असतात. हा शब्द जेम्स वॉट या स्कॉटलंडच्या यंत्रज्ञाच्या नावावरून आला. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा केली ती यानंच. अश्वशक्तीचं माप रूढ केलं तेही त्यानंच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे मिरजेच्या ओट्यावर भावानं एक घोडाच आणून बांधला म्हणायचा! सासूबाई दचकल्या त्यात नवल नाही.

पण घोडा केवढा आहे यावरून चाऱ्याचा खर्च ठरत नाही. तो किती वेळ खातो आहे, यावर ठरतो. वॉट म्हणजे घास केवढा, एवढंच. जेवण किती झालं ते कळायला घास किती वेळ चालू होते ते बघावं लागतं. बिलावर जे ‘युनिट’ असतं ते जेवणाचं माप. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. शंभर वॉटचं दहा तास चाललं तरी एकच युनिट. वॉटला तासांनी गुणा आणि हजारानं भागा, झालं.

आता मिक्सर. सकाळची चटणी, दुपारचं वाटण, कधी शेंगदाण्याचं कूट, आठवड्यातून दोनदा इडलीचं पीठ. सगळं मिळून रोजची सरासरी बारा मिनिटं धरू. बारा मिनिटं म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा. ७५० चा पाचवा हिस्सा १५०. म्हणजे दिवसाला ०.१५ युनिट, महिन्याला साडेचार युनिटं. जुना ५०० चा मिक्सर तेवढाच वेळ चालवला असता तर तीन युनिटं झाली असती. फरक महिन्याला दीड युनिटाचा. त्यातून नवा मिक्सर काम लवकर उरकतो, त्यामुळे तोही फरक पुरता उरत नाही. दीड युनिटानं बिल चारशे रुपयांनी वाढत नाही.

याच्याच जोडीला एक गंमत सांगते. देवघरात किंवा निजायच्या खोलीत रात्रभर जळणारा ‘झिरोचा दिवा’ आठवतो ना? तो जुना तारेचा दिवा. नाव झिरो, पण वीज घ्यायचा पंधरा वॉटपर्यंत. रात्रीचे दहा तास जळला की १५० झाले. बारा मिनिटं घरघरणारा मिक्सर आणि रात्रभर मुकाट जळणारा तो दिवा, दोघांचं जेवण अगदी सारखं. पण झिरोच्या दिव्यावरून कुणी सुनेला बोललं आहे का? आवाज करील त्यावर संशय, अशी आपल्या घरांची रीतच आहे. (तुमच्याकडे अजून तसला दिवा असेल तर आज काढा. रात्रीपुरता उजेड देणारा एलईडी दिवा अर्ध्या वॉटमध्ये भागवतो.)

मग मिरजेच्या घरात वाढलं काय? भाऊबीजेला मिक्सर आला, त्याच सुमारास आणखी कोण आलं? थंडी! आणि थंडीबरोबर न्हाणीघरातला गीझर सुरू झाला. मिक्सरची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहिली. गीझर दरवर्षीचा, त्याची तारीख कोण लक्षात ठेवतो?

गीझरचा हिशेब वॉटवरून करायला गेलं तर चुकतं, कारण आतलं पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो आणि थंडावलं की पुन्हा लागतो. त्याचा हिशेब पाण्यावरून करावा. एका युनिट विजेत वीस लिटर पाणी साधारण ४३ अंशांनी तापतं. हे निसर्गाचं माप आहे, कुठल्या कंपनीचं नव्हे. थंडीत टाकीतलं पाणी १८ अंशांवर असेल आणि अंगावर घ्यायला ४० अंशांचं हवं असेल, तर २२ अंशांची वाढ झाली. म्हणजे वीस लिटरच्या बादलीला सुमारे अर्धं युनिट. सहा माणसांच्या सहा बादल्या म्हणजे दिवसाला तीन युनिटं, महिन्याला नव्वद! मिक्सरच्या साडेचारांपुढे हे नव्वद ठेवून बघा. थंडीत पंखे बंद होतात म्हणून त्यातली थोडी वाढ झाकली जाते, एवढंच.

गीझर घेताना पुष्कळ जणी विचारतात, दोन हजार वॉटचा घ्यावा की तीन हजारांचा? बादलीभर पाणी तापायला वीज तेवढीच लागते, दोन हजारांचा ते पंधरा मिनिटांत करील, तीन हजारांचा दहा मिनिटांत. आंघोळ बादलीनं केली की फवाऱ्याखाली पंधरा मिनिटं गाणं म्हणत केली, बिल ठरतं ते त्यावर. आमच्या आजीच्या बंबात ढलप्या मोजून घातल्या जायच्या, आणि शेवटच्या माणसाला कोमट पाणीच मिळायचं. ती व्यवस्था काही वाईट नव्हती!

तुम्ही म्हणाल, मग वॉटचा आकडा छापतात तरी कशाला? त्याचा खरा उपयोग वायर आणि खटक्यासाठी. वॉटला २३० नं भागलं की किती अँपिअरचा प्रवाह लागेल ते कळतं. भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १,३८० वॉट. बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड १,५०० वॉटचा असतो, तो या लहान सॉकेटवर चालवला की प्लग गरम होतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं, वास येतो, आणि मग एक दिवस ठिणगी. रॉड, गीझर, इंडक्शनची शेगडी यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसवायचा जोड बाजारात मिळतो, तो घरात आणूच नका. बिलाच्या चार पैशांपेक्षा ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

आता ताऱ्यांकडे येऊ. केंद्र सरकारनं २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा केला. त्याखाली २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी यायला लागली. एक तारा ते पाच तारे. दुकानदार म्हणतो, ‘‘फाइव्ह स्टार आहे ताई, डोळे झाकून घ्या.’’ डोळे झाकू नका, चिठ्ठी वाचा. ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचा एक आकडा तिथं छापलेला असतो, वर्षाला लागणारी युनिटं. कारण तारे त्या-त्या आकाराच्या फ्रिजांत तुलना करून दिलेले असतात. मोठ्या वर्गातला पहिला नंबर आणि लहान वर्गातला तिसरा नंबर, तशातली गत. पाच ताऱ्यांचा भलाथोरला फ्रिज हा तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. चार माणसांच्या घराला कपाटाएवढा फ्रिज आणून पाच ताऱ्यांचं समाधान मानण्यात काय अर्थ?

दुसरं म्हणजे हे तारे कायमचे नसतात. दर काही वर्षांनी परीक्षा कडक होते, आणि कालचा पाच ताऱ्यांचा माल आज चारावर किंवा तिनावर उतरतो. म्हणून चिठ्ठीवर ती कोणत्या काळासाठी आहे ते छापलेलं असतं. दुकानात मागच्या वर्षीचा माल ‘ऑफर’मध्ये दिसला की आधी ती तारीख बघा.

किमतीचा हिशेबही करा. समजा, सारख्याच मापाच्या दोन फ्रिजांपैकी एकावर वर्षाला २४० युनिटं लिहिली आहेत आणि दुसऱ्यावर १८०. फरक साठांचा. सोयीसाठी युनिटाला दहा रुपये धरले तर वर्षाला सहाशे, दहा वर्षांत सहा हजार. दुसरा फ्रिज चार हजारांनी महाग असेल तर तो घ्यावा. आठ हजारांनी महाग असेल तर माझ्या मते पैसे बँकेत बरे.

गीझरवरच्या ताऱ्यांचा अर्थ आणखी निराळा. पाणी तापवायला किती वीज लागते ते त्यावरून कळत नाही, ती तर सगळ्यांना जवळजवळ सारखीच. तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर किती ऊब वाया जाते, त्यावरून टाकीच्या गीझरला तारे मिळतात. तेव्हा जी बाई आंघोळीआधी वीस मिनिटं बटण लावते आणि आंघोळी झाल्या की बंद करते, तिला जास्तीच्या ताऱ्यांचा फारसा उपयोग नाही. ज्या घरात बटण दिवसभर चालूच असतं, त्यांना आहे. पण बटण बंद करायला तारे लागत नाहीत.

एसीबद्दल फार लिहीत नाही. मे महिन्यापुरता लावणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की चिठ्ठीवरचा वर्षाचा आकडा १,६०० तासांच्या वापराचा असतो. तुम्ही चारशे तास लावलात तर पाव धरा. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, ते तिथंच राहू द्यावेत. अठरावर नेऊन वर गोधडी घेणारी माणसं मी पाहिली आहेत!

पंख्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण छताच्या पंख्याकडे कुणाचं लक्ष नसतं. साधा जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास घेतो. घास लहान, पण खाणं दिवसभर! पंधरा तास चालला तर दिवसाला एक युनिटाहून जास्त, महिन्याला सुमारे ३४. असे तीन पंखे म्हणजे शंभर युनिटं केवळ वाऱ्याची. हल्ली ‘बीएलडीसी’ मोटरचे पंखे मिळतात, ते तिसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतात, त्यांचा महिना साडेतेरा युनिटांत होतो. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची आहे. सगळे पंखे एकदम बदला असं मी म्हणणार नाही. जो सगळ्यात जास्त तास फिरतो, बहुधा आजी-आजोबांच्या खोलीतला, तो आधी बदला. आणि भिंतीवर अजून तो जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही काढा. तो पंखा हळू करतो खरा, पण वाचलेल्या विजेतली बरीचशी स्वतःच गरम होऊन उधळतो. हात लावून पाहा, कोमट लागेल.

हे सगळं कागदावर झालं. सासऱ्यांना कागद पटेल का? म्हणून मी मिरजेला उत्तर पाठवलं त्यात दोन कामं सांगितली.

पहिलं, बिलांची फाईल काढा आणि या डिसेंबरची युनिटं गेल्या डिसेंबरशी ताडून पाहा. ऑक्टोबरशी नाही, कारण ऋतू वेगळा. आणि रुपये पाहू नका, दर बदलत असतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, ३०१ ते ५०० ला आणखी चढा, असे टप्पे आहेत. वाढलेली युनिटं नेहमी वरच्या टप्प्याच्या दरानं लागतात, म्हणून थोड्या युनिटांनीही रुपये जास्त दिसतात. कमी केलेलं युनिटही तसंच वरच्या दरातून वजा होतं, हा त्यातला फायदा.

दुसरं काम मीटरचं. आपल्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ३२०० किंवा तसाच एखादा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं बंद करा, आणि हवं ते एकच उपकरण चालू करून मिनिटभर लुकलुकणं मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा म्हणजे ३०० वॉट, ३२ वेळा म्हणजे ६००. यावरून बाकीचं तुम्ही काढालच.

मी स्वतः हे करून पाहिलं तेव्हा माझीच फजिती झाली. रात्री अकराला सगळे दिवे-पंखे बंद, फ्रिज बंद, आणि मीटर आपलं लुकलुकतंच आहे! पाच मिनिटांत दहा वेळा. म्हणजे सदतीसेक वॉट कुठंतरी जात होते. शोधता शोधता टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स सापडला. रिमोटनं ‘बंद’ केलेला, पण हात लावला तर चांगला गरम. भिंतीवरचं बटण बंद केलं तेव्हा पाच मिनिटांतली चार लुकलुकणी कमी झाली. पंधरा वॉट. रात्रंदिवस धरले तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिटं, माझ्या मिक्सरच्या दुपटीहून जास्त! आता रात्री मी बटण बंद करते. सकाळी बातम्या लागायला दोन मिनिटं जास्त लागतात म्हणून घरात कुरकुर होते, ती मी ऐकून घेते.

मिरजेचं दुसरं पत्र परवाच आलं. या वेळी दीडच पान. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात २०९ युनिटं होती, या डिसेंबरात २१४. ऑक्टोबरात १८१. फाईल सासऱ्यांचीच, त्यामुळे आकड्यांवर वाद झाला नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून मीटरही पाहिलं. मोठ्या नातवानं घड्याळ धरलं. चटणी वाटताना मिक्सरची मिनिटाला २४ लुकलुकणी भरली, म्हणजे ७५० नव्हे, ४५०च वॉट. पूर्ण वजनाचं काम असेल तेव्हाच तो पूर्ण घास घेतो. गीझर लावला तेव्हा दिवा इतका भरभर लुकलुकायला लागला की मिनिटभर मोजणं जमेना. दहा सेकंदांत अठरा मोजली आणि सोडून दिलं.

मिक्सर माळ्यावरून ओट्यावर आला आहे. त्या लिहितात, सासूबाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मात्र सासरे आंघोळीला गेले की त्या मीटरखाली स्टूल घेऊन बसतात, आणि दिवा लुकलुकायला लागला की दारावर थाप मारून म्हणतात, ‘‘अहो, एक बादली झाली बरं का!’’